मिसळणाचा डबा

आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एक स्टीलचा गोल डबा असतो. आत छोट्या छोट्या वाट्या. एकीत मोहरी, एकीत जिरं, एकीत हळद, एकीत तिखट, जमलंच तर मधल्या वाटीत हिंग. गंमत बघा, याला आपण म्हणतो 'मिसळणाचा डबा' आणि त्याचं अख्खं काम काय, तर काहीही मिसळू न देणं! समजा हा डबा हातातून सुटला आणि उपडा झाला. मोहरी आणि जिरं एक वेळ चाळून, निवडून, दुपार घालवून वेगळं करता येईल. पण हळद आणि तिखट? ते वेगळं करणारा माईचा लाल अजून जन्माला यायचाय.

मित्रांनो, थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. व्हायव्हाला "व्हॉट इज एन्ट्रॉपी?" असं विचारलं की "सर, मेजर ऑफ डिसऑर्डर" एवढं तोंडातून निघतं. (काहींच्या तोंडातून तेही निघत नाही, तो भाग वेगळा.) मला हा नियम खरा समजला तो क्लासरूममध्ये नाही, तर सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या जिन्यात, कचऱ्याच्या बादल्यांशेजारी उभं राहून. मिसळणं आपोआप होतं, फुकटात होतं. वेगळं करायला मात्र काम लागतं. जितकं जास्त मिसळलेलं, तितकं जास्त काम. आणि ते काम कुणाला तरी करावंच लागतं. कुणाला, हे आपण सहसा विचारत नाही.

झालं असं, की मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक प्रस्ताव आला. आमच्याकडे कचरा न्यायला रोज एक मावशी येतात. घराघरातून ओला आणि सुका असा वेगवेगळा कचरा घेतात. (म्हणजे तसा द्यायचा असतो.) आता एका टेम्पोवाल्याने सांगितलं होतं, की तो सगळा एकत्रच नेईल. वेगळं करायची कटकट नाही, पिशवी खाली आणून टाकली की काम फत्ते. महिन्याचे पैसेही जवळपास तेवढेच. "रोज दोन-दोन डबे कोण सांभाळत बसणार?" या मुद्द्यावर मीटिंगमध्ये जी एकी दिसली, ती पाण्याच्या टँकरच्या वेळीसुद्धा दिसली नव्हती. शेवटी सेक्रेटरी काका म्हणाले, "आपल्याकडे इंजिनिअर मुलगी आहे की! ती जरा टेक्निकल बाजू बघेल. पुढच्या रविवारी ठरवून टाकू."

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की माणसाला मिक्सरच्या दुरुस्तीपासून लिफ्टच्या मोटरपर्यंत सगळं आपोआप येतं, असा आपल्या समाजाचा ठाम विश्वास आहे. त्या यादीत आता कचराही आला. मी मावशींना विचारलं, "चार दिवस तुमच्याबरोबर फिरू का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "ये की. पण तोंडाला रुमाल बांधून येऊ नको, लोकं दार उघडायची न्हाईत."

मावशींची आई १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आली. तेव्हा शेतमजुरी गेली, हाताला काम नव्हतं, म्हणून उकिरड्यावरचा कागद-पत्रा वेचून विकायला लागली. मावशीही लहानपणी तिच्याबरोबर कुंड्या धुंडाळायच्या. पुढे १९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. "पंचायतीचं ओळखपत्र गळ्यात आलं, तवापासून पोलीस चोर म्हणायचा थांबला," हे मावशींचं त्यावरचं एका वाक्यातलं भाष्य. याच संघटनेतून पुढे कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला आणि जी माणसं रस्त्यावरच्या कुंडीत वाकून वेचायची, ती आपल्या दाराशी येऊन बेल वाजवायला लागली. नीट विचार केला तर हा मोठा बदल आहे. कुंडी म्हणजे सगळं मिसळून झाल्यावरची अवस्था. दार म्हणजे मिसळण्याच्या आधीची.

तर, पहिला दिवस. आमच्या विंगमध्ये १६ घरं. त्यातली जेमतेम पाच-सहा घरं कचरा वेगळा देत होती. बाकी ठिकाणी एकच काळी पिशवी, तिला घट्ट गाठ. वरून खाली येईपर्यंत मावशींच्या दोन बादल्या भरल्या. मग पार्किंगच्या कोपऱ्यात बसून त्या एकेक गाठ सोडायला लागल्या. वरणभातात बुडालेलं वर्तमानपत्र. चहाच्या चोथ्यात दुधाच्या पिशव्या. डायपर. औषधांच्या पट्ट्या. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, थर्माकोलच्या ताटल्यांसकट. आणि भेंडीच्या देठांमध्ये दाढीचं एक ब्लेड.

मावशींच्या उजव्या तळहातावर एक लांब पांढरी रेघ आहे. फुटलेल्या ट्यूबलाइटची. "आठ दिस हात बांधून बसले हुते. घरकाम न्हाई, धंदा न्हाई." मी विचारलं, "हातमोजे का नाही घालत?" त्यांनी मोजे काढून दाखवले. म्हणाल्या, "घालते की. पण पिशवीची गाठ मोज्यानं सुटत न्हाई, अन् काच मोज्याला घाबरत न्हाई."

आता आपल्या अभ्यासातली गोष्ट सांगते, कारण इथे मला मावशींच्या ज्ञानाने अक्षरशः गार केलं. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकी सगळं. मावशी हे आकडे बघत नाहीत. त्या वस्तू हातात चुरगाळतात, आवाज ऐकतात आणि बरोबर ढिगात टाकतात. मी मुद्दाम आकडे बघून तपासत होते. तासाभरात त्या एकदाच चुकल्या, तेही डबा शेणासारखा बरबटलेला होता म्हणून.

हे काम यंत्र करू शकत नाही का? करतं ना. पीईटीची घनता साधारण १.३८ आणि पॉलिप्रॉपिलीनची ०.९. म्हणजे दोघांचा चुरा पाण्यात टाकला की बाटली बुडते आणि झाकण तरंगतं. इतकं सोपं! पण त्यात पीव्हीसी आलं की गाडी अडते, कारण पीव्हीसीची घनता पीईटीच्या अगदी जवळ. दोघंही बुडतात. पीईटी वितळवायला २५० अंशांच्या वर जावं लागतं आणि त्या तापमानाला पीव्हीसीचं विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. म्हणजे थोडंसं पीव्हीसी चुकून गेलं तरी अख्खा घाणा बिघडतो. चिप्सच्या पाकिटाची तर बातच सोडा. प्लास्टिकचे थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, सगळं एकमेकांना कायमचं चिकटवलेलं. ती आपल्या डब्यातली हळद आणि तिखट! उलट नुसत्या ॲल्युमिनियमचा कॅन घ्या. तो वितळवून पुन्हा धातू करायला खनिजापासून नवीन धातू करण्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. वेगळा राहिला तर खजिना, वरणात पडला तर घाण.

कागदाचंही तेच. कोरडा कागद म्हणजे रद्दी, तिला भाव आहे. तोच कागद आमटीत भिजला की तंतू कुजायला लागतात, वास येतो, भंगारवाला हातही लावत नाही. मावशींनी हे एका वाक्यात सांगितलं, "पोरी, ओल्यात सुकं पडलं की माझा रुपया भिजतो." दर महिन्याला घरामागे जे पैसे मिळतात ते आणि सुका कचरा विकून येतात ते, यावर त्यांचं घर चालतं. आपण एकच पिशवी बांधतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण वेळ वाचवला. खरं तर तो वेळ मावशींच्या अंगावर टाकलेला असतो, आणि वर त्यांची मजुरीही कापलेली असते.

बरं, टेम्पोत गेलेल्या कचऱ्याचं काय होतं? मीटिंगमध्ये एक काका म्हणाले होते, "जाऊ दे ना कुठेही, आपल्याला काय?" हे 'कुठेही' म्हणजे नक्की कुठे, ते पुण्यात राहणाऱ्याला ठाऊक असायला हवं. वर्षानुवर्षं ते नाव होतं उरुळी देवाची आणि फुरसुंगी. १९८० च्या दशकापासून शहराचा कचरा या गावांच्या हद्दीत जाऊन पडला. उघड्यावर पडलेल्या मिश्र कचऱ्यातून काळं पाणी झिरपतं आणि विहिरीत उतरतं. आत ऑक्सिजन नाही, म्हणून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो आणि कधी कधी पेटतोही. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुढचे तीन आठवडे पुण्यात चौकाचौकात ढीग साचले. शहरात नाक दाबून चालणारे आपण तीन आठवड्यांत कंटाळलो. त्या गावांनी तर आयुष्य त्यातच काढलं होतं. मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता.

"मग जाळून वीज का नाही करत?" हा प्रश्न आपल्या ब्रँचची मुलं हमखास विचारतात. गणित करून बघा. १ किलो पाणी २५ अंशांवरून उकळून त्याची वाफ करायला साधारण २५७० किलोज्यूल लागतात. भाजीच्या सालींत आणि शिळ्या अन्नात बहुतेक पाणीच. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा या ओल्याचा. म्हणजे आधी आपण पाणी जाळणार आणि उरलीसुरली उष्णता वीज म्हणून विकणार! तोच ओला कचरा वेगळा ठेवला तर त्याचा गॅस होतो. इंदूरमध्ये २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा पचवायच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. तो तिथे उभा राहू शकला, कारण त्या शहराने आधी घराघरातून ओलं-सुकं वेगळं घ्यायला सुरुवात केली होती. यंत्र नंतर आलं, बादली आधी. आपल्या कोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने तर वर्गीकरणाच्या जोरावर आपल्या डम्पिंग ग्राउंडचं असं रूप पालटलं, की लोक ते बघायला जातात.

हे सगळं कागदावर काढून मी रविवारी मीटिंगला गेले. घनता, किलोज्यूल, सगळं! पाच मिनिटांत लोक घड्याळाकडे बघायला लागले. एक काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही इतकं वेगळं करतो, पण पुढे गाडीत सगळं एकत्रच टाकतात ना!" यावर मात्र सगळे एकदम बोलायला लागले. हा आक्षेप तुम्हीही ऐकला असेल, कदाचित घेतलाही असेल. आणि तो खोटा नाही. अनेक ठिकाणी असं होतंच. पण मला चार दिवसांत जे दिसलं होतं, ते मी सांगितलं. मावशी गाठ सोडतात, त्यामुळे कुणाच्या घरातून काय आलं ते त्यांना कळतं आणि त्या दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून सांगू शकतात, "ताई, काच कागदात गुंडाळा." कंट्रोल सिस्टिम्समध्ये याला आपण फीडबॅक म्हणतो. टेम्पोला फीडबॅक नाही. तो ओपन लूप. त्यात बिघाड झाला तरी कुणाला कळणार नाही, कळलाच तर तो फुरसुंगीसारख्या कुठल्यातरी गावाला. तेव्हा ज्यांना 'एकत्रच टाकतात' याचा राग आहे, त्यांनी निदान आपणहून एकत्र टाकणारा टेम्पो तरी बोलावू नये!

मग मी ब्लेडची आणि ट्यूबलाइटची गोष्ट सांगितली. खोली जरा शांत झाली.

एक मुद्दा राहिला होता. त्यावर कुणीच बोलणार नव्हतं, म्हणून मीच बोलले. सॅनिटरी पॅड. एवढे सगळे काका, बाबा समोर, मलाही घाम फुटला. पण मी स्वतः बघितलं होतं, वापरलेली पॅड्स उघडीच पिशवीत येतात आणि मावशींना ती हाताने बाजूला काढावी लागतात. पुण्यात २०१७ मध्ये 'रेड डॉट' नावाची मोहीम झाली, तिचं म्हणणं इतकंच, की पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. म्हणजे वेचणाऱ्याला न उघडता कळेल. एक जुना पेपर आणि एक लाल पेन, खर्च शून्य. मी बोलून खाली बसले. बाबा छताकडे बघत होते. चेअरमन काकांनी खाकरून "हं, पुढचा मुद्दा" म्हटलं. मागच्या रांगेतून एक आजी मात्र मोठ्याने म्हणाल्या, "बरोबर बोलली पोर. यात लाजायचं काय? लाज ती उघडं टाकणाऱ्याला!"

टेम्पो आला नाही. दोन मतांनी का होईना, मावशी राहिल्या. पण खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि तिथे मला कळलं, की घराघरात हे का जमत नाही. लोकांना कळत नाही म्हणून? मुळीच नाही. 'ओला-सुका' हे शब्द आता पहिलीतल्या पोरालाही येतात. २००० च्या नियमांपासून शहरांना वर्गीकरण करायला सांगितलं जातंय. २०१६ च्या नियमांनी तर घराघरात ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले. अडचणी वेगळ्याच निघाल्या. आमच्या नोटीस बोर्डावरची सूचना होती इंग्रजीत, आणि निम्म्या घरांत कचऱ्याची बादली बाहेर ठेवतात त्या कामाला येणाऱ्या ताई. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! मी आणि माझ्या मैत्रिणीने त्या सगळ्यांना एका दुपारी पार्किंगमध्ये गाठलं. दहा मिनिटांत त्यांना सगळं समजलं. एक जण तर म्हणाली, "आमच्या वस्तीत आम्ही प्लास्टिक कधी टाकत न्हाई ओ, इकतो."

दुसरी अडचण जागेची. ओट्याखाली एकच डबा मावतो. सुका कचरा सडत नाही, तो रोज द्यायचीही गरज नाही. मग गॅलरीत एक मोठी पिशवी अडकवली आणि दोन दिवसांनी दिली तरी चालतं. ही साधी युक्ती सांगितल्यावर तीन-चार घरं लगेच तयार झाली. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, नुसता चिरायचा, म्हणजे तो बारका तुकडा हरवत नाही. पिशवी विसळून वाळवायची. ही मावशींची सूचना.

आणि तिसरी अडचण, जी मला सगळ्यात जास्त बोचली. मीटिंगमध्ये हात वर करणारे बहुतेक पुरुष आणि घरी जाऊन वेगळं करणाऱ्या बहुतेक बायका. आमच्याच घरी बाबा मीटिंगमधून येऊन, केळं खाऊन, साल सुक्या डब्यात टाकून पेपर वाचायला बसले! आईने नुसतं बघितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, ज्याने खाल्लं त्याने टाकायचं आणि चुकलं तर त्यानेच उचलायचं. बाबा आता डब्यापाशी एक क्षण थांबतात. तो एक क्षण फार महत्त्वाचा आहे.

आज आमच्या विंगमध्ये १६ पैकी १३ घरं नीट देतात. उरलेल्या तिघांकडे मावशींचं आणि आजींचं लक्ष आहे, त्यामुळे मला काळजी नाही. मावशींचं पार्किंगमधलं बसणं तासावरून वीस मिनिटांवर आलं. उरलेल्या वेळात त्यांनी शेजारची एक विंग घेतली.

आता जरा आपल्या हॉस्टेलकडे आणि मेसकडे वळू. सबमिशनच्या आठवड्यात आपल्या रूममधला डबा आठवून बघा. असाइनमेंटचे कागद, त्यावर मॅगी, मॅगीवर सिगरेटची थोटकं (नावं घेत नाही!), आणि खाली वर्कशॉपमधून आणलेलं हॅक्सॉचं तुटकं ब्लेड. आपल्याकडेही रोज सकाळी कुणीतरी त्या डब्यात हात घालतं. त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

उद्या आपण प्लँट डिझाइन करू, सेन्सर लावू, रोबोटचा हात बनवू, जरूर बनवू. फायनल यिअरला कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रावर दरवर्षी दोन तरी प्रोजेक्ट असतातच. पण जे यंत्र सगळ्यात स्वस्त, ज्याला वीज लागत नाही आणि ज्याची अचूकता शंभर टक्के, ते आपल्या खांद्याला जन्मापासून जोडलेलं आहे. केळ्याची साल हातात असते तेव्हा ती केळ्याची साल आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं. डब्यात पडली की ती माहिती गेली. मग ती शोधायला दुसऱ्या कुणाला तरी हात घालावा लागतो. म्हणून रूमवर आजच दुसरा डबा ठेवा. आणि ब्लेड असेल तर कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात लिहा, 'जपून'.